शाफ्ट नवा, पंखा नवा, तरी होडी का थरथरते?

नगरच्या लेथवाल्याने होडीच्या शाफ्टची विद्या कशाला शिकावी, असे काही वाचक विचारतील. नगरहून कोकणचा किनारा गाठायचा तर घाट उतरून अडीचशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. पण नगरच्या निजामशाहीचे बंदर चौल होते. १५०८ साली चौलच्या खाडीत इजिप्तचे मामलुक व गुजरातचे आरमार मिळून पोर्तुगिजांशी लढले आणि जिंकले. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलच्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला, तो मात्र फसला. ती बादशाही गेली, बंदरही गाळाने भरले. आज संबंध उरला आहे तो सोयरिकीचा आणि धंद्याचा. नगरच्या मुली रायगड-रत्नागिरीत दिलेल्या आहेत, तिकडचे जावई इकडे येतात, आणि येताना कधी पिशवीत एखादा घासलेला शाफ्टही आणतात. नगरला लेथ पुष्कळ, मजुरी मुंबईपेक्षा कमी आणि ओळखीचा माणूस. काम येते ते असे.

काम आले की पैसा येतो, तसे नावही पणाला लागते. होडीच्या कामात तर माणसांचा जीवही पणाला लागतो. म्हणून या अंकात आम्ही जुन्या शिडाच्या होडीचा पंखा आणि शाफ्ट यांचे दोष कसे शोधावेत, हे एका प्रत्यक्ष घडलेल्या कामाच्या आधाराने सांगत आहोत.

आमच्या परिचयाचे एक टर्नर आहेत. वय साठीच्या घरात. बाजारात सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. विहिरीच्या पंपांचे शाफ्ट आणि साखर कारखान्यांचे बुश करण्यात त्यांची हयात गेली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जावयाच्या ओळखीच्या एका नाखवाने एसटीच्या पार्सलने एक सव्वा इंची शाफ्ट पाठवला. चिठ्ठीत एवढेच होते : “होडी फार थरथरते. नमुन्याप्रमाणे नवा करून द्यावा.” उस्तादांनी नमुन्याप्रमाणे नवा करून दिला. होडी थरथरतच राहिली. नाखवाने नवा बुश घातला, तर त्यात नवा शाफ्ट खडखड वाजू लागला. उस्तादांनी दुसरा शाफ्ट केला. तरी तेच. कुणी सांगितले पंखा वाकडा आहे, म्हणून नाखवाने नवा पंखा घेतला. तरी तेच. शेवटी फोन आला : “उस्ताद, तुमचा शाफ्टच वाकडा आहे. हंगाम चालला माझा.”

उस्तादांनी शाफ्ट परत मागवला, लेथवर दोन सेंटरमध्ये धरला आणि डायल गेज लावले. फरक निघाला दोन थाउ, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दोन. शाफ्ट सरळ होता. तेव्हा त्यांनी कोकणात जायचे ठरवले आणि आम्हीही बरोबर गेलो.

जुन्या होडीची रचना

आधी रचना समजून घ्यावी. ही होडी अठ्ठावीस फुटी, सागाची, चाळीस वर्षांची. मूळची निव्वळ शिडाची. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला माणसे नेणाऱ्या शिडाच्या होड्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील, त्याच जातीची. पुढे कधीतरी तिच्यात दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले. दोषाचे मूळ पुष्कळदा इथेच असते. ज्या सुताराने होडी बांधली त्याच्या मनात इंजिन नव्हते. नंतर कुणीतरी मागच्या जाड लाकडातून आरपार भोक पाडले, त्यात नळी बसवली आणि जुन्या वाशांवर दोन आडवी लाकडे ठोकून इंजिन ठेवले.

इंजिनातून गिअरबॉक्स, गिअरबॉक्सला कपलिंग, कपलिंगला शाफ्ट. शाफ्ट होडीतून बाहेर पडतो तिथे आतल्या बाजूला ग्लँड व पॅकिंग, मध्ये नळी, बाहेरच्या टोकाला पाण्यातला बुश आणि त्यापुढे टेपरवर चावी व नटने आवळलेला पंखा. विहिरीच्या व्हर्टिकल पंपाशी ही रचना ताडून पाहा. तोच शाफ्ट, तेच ग्लँड, तोच पाण्याने ओला राहणारा रबरी बुश. पंप उभा असतो आणि होडीचा शाफ्ट आडवा, मागे किंचित उतरता, एवढाच फरक.

या रबरी बुशाची कहाणी लेथवाल्यांना आवडेल. पूर्वी जहाजांच्या शाफ्टला पितळेचे बुश असत आणि ते भराभर झिजत. १८५४ साली इंग्लंडच्या जॉन पेन याने लिग्नम व्हायटी नावाच्या अतिशय कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बुशात बसवण्याचे पेटंट घेतले. पाणी हेच त्याचे वंगण. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका खाणीत शेरवुड नावाच्या इंजिनियरचा पंप वाळूच्या पाण्याने पुन्हा पुन्हा बुश खात होता. हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून त्याने रबरी नळीचा तुकडा बुश म्हणून घातला, आणि तो धातूच्या बुशापेक्षा जास्त टिकला. वाळूचा कण रबरात दबतो, गोल फिरतो आणि खाचेतून पाण्याबरोबर निघून जातो. म्हणजे आज जगभरच्या होड्यांत जो खाचांचा रबरी बुश आहे, त्याचा जन्म पंपाच्या दुरुस्तीतच झाला. नगरच्या पंपवाल्याने होडीच्या कामाला बिचकण्याचे कारण नाही.

घासलेला भाग काय सांगतो

उस्तादांची पहिली चूक त्यांनीच आम्हाला प्रवासात सांगितली. नमुन्याचा शाफ्ट बुशाच्या जागी घासलेला होता आणि त्यांनी कॅलिपर तिथेच लावला. नवा शाफ्ट झिजलेल्या मापाचा झाला. नव्या बुशात तो खडखडणारच! नमुना हातात आला की माप नेहमी न घासलेल्या जागी घ्यावे. हे प्रत्येक शिकाऊ पोराला ठाऊक असते, आणि घाईत जुना माणूसही विसरतो.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. शाफ्टबरोबर जुना बुश त्यांनी मागवला नाही. मागवला असता तर नगरमध्ये बसूनच अर्धे निदान झाले असते. कसे ते सांगतो.

शाफ्ट वाकडा असेल तर त्याची फुगीर बाजू फिरताना बुशाला सगळीकडून घासते. अशा वेळी शाफ्ट एकाच अंगाला झिजतो आणि बुश चौफेर मोठा होतो. उलट, शाफ्ट सरळ असून इंजिनाची रेषा चुकलेली असेल तर शाफ्ट बुशाच्या एकाच अंगावर रेलून फिरतो. मग बुश एका अंगाला लांबट झिजतो आणि शाफ्टला मात्र गोल, सारखी, कड्यासारखी झीज येते. नाखवाच्या पार्सलमधला शाफ्ट चौफेर सारखा झिजलेला होता. “तो मला सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो,” उस्ताद म्हणाले.

म्हणून होडीचे काम घेताना शाफ्ट, बुश, चावी, नट आणि शक्य तर कपलिंगची मागची बाजू, सगळे एकत्र मागवावे. बुशावर बसवण्यापूर्वीची वरची बाजू खडूने किंवा पंचने खूण करून पाठवायला सांगावे. पार्सलचे चार पैसे जास्त जातील.

गिऱ्हाइकाला काय विचारावे

थरथर कधी होते, हा पहिला प्रश्न. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू असतानाही होडी हलत असेल तर शाफ्टचा विचार सोडावा. इंजिनाचे बोल्ट, रबर, एखादा बंद पडलेला नोझल पाहावा. गिअर टाकल्यावरच हलत असेल तर दोष कपलिंगच्या मागे आहे किंवा रेषेत आहे. एका ठरावीक वेगालाच हलत असेल आणि पुढे-मागे शांत होत असेल, तर इंजिनाच्या बैठकीकडे आधी पाहावे.

इंजिन जोरात फिरते आणि होडी जात नाही, ही तक्रार वेगळी. पंख्याची चावी कापली गेली असेल, कपलिंग शाफ्टवर घसरत असेल, पाते तुटले असेल. उलट इंजिन पूर्ण फेऱ्यांवर जातच नाही आणि काळा धूर सोडते, तेव्हा पंखा मोठा आहे किंवा त्याच्यावर शिंपल्यांचा थर बसला आहे. दोन महिने खाडीत उभ्या राहिलेल्या होडीच्या पंख्यावर इतके शिंपले चढतात की पात्याची धारच नाहीशी होते. नवा पंखा घेण्यापूर्वी जुना खरवडून पाहावा. खर्च काही नाही.

जाळे किंवा नायलॉनची दोरी गुंडाळली होती का, हेही जरूर विचारावे. दोरी कापून काढली म्हणजे काम संपले असे समजतात. पण दोरी आवळताना शाफ्टला मागे खेचते आणि इंजिनाला बैठकीवरून सरकवते. थरथर ‘त्या दिवसापासून’ सुरू झाली असे गिऱ्हाईक म्हणाले की निम्मा शोध लागला.

मग हाताने तपासावे. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. शाफ्ट हाताने फिरवावा. एकाच जागी जड लागत असेल तर शाफ्ट वाकलेला असण्याचा संभव. पूर्ण फेरा सारखाच जड असेल तर ग्लँड जास्त आवळले आहे, बुश फुगला आहे किंवा रेषा चुकली आहे. होडी कोरडी असेल तर पंखा दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवावा. बुशातली ढिलाई शाफ्टच्या जाडीच्या शंभर भागांत चारच्या वर गेली की बुश बदलायचा, असा जुन्या मिस्त्रींचा हिशेब आहे. इंची शाफ्टला हे एक मिलिमीटर होते, सव्वा इंचीला सव्वा मिलिमीटर.

शिडाच्या होडीची एक खासियत इथे सांगून ठेवतो, नाहीतर कारागीर नसलेला दोष शोधत बसेल. शिडाच्या होडीला पुष्कळदा दोनच पात्यांचा पंखा लावतात. शीड लावले की पाती उभी करून ती मागच्या लाकडाच्या आड लपवायची, म्हणजे पाण्याला अडथळा कमी. त्यासाठी पाती उभी असताना कपलिंगवर रंगाचा ठिपका देऊन ठेवावा, आतूनच कळते. पण इंजिनावर चालताना ही दोन पाती एकाच वेळी लाकडाच्या आडच्या मंद पाण्यात शिरतात आणि एकाच वेळी बाहेर येतात. प्रत्येक फेऱ्याला दोन धक्के बसतात. एवढी थोडी थरथर अशा होडीची जातच आहे, आणि ती लेथवर जाणार नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच स्पष्ट सांगावे.

भरतीची वाट

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती आणि होडी चिखलात एका कुशीवर कलली होती. उस्तादांनी पिशवीतून फिलर गेज काढले. नाखवा म्हणाला, “बघा ना, याच जागी मेकॅनिकने लाइन काढून दिली होती. तेव्हा बरोबर होती.”

उस्तादांनी फिलर पुन्हा पिशवीत टाकले. “याच जागी? होडी अशी पडलेली असताना?”

“होय. पाण्यात कसं करणार?”

“पाण्यातच करायचं, नाखवा. होडी चालते कुठे?”

भरतीला पाच तास होते. आम्ही चहा घेत बसलो. उस्ताद तेवढ्या वेळात आत उतरून इंजिनाची बैठक टोचण्याने टोचत राहिले.

लाकडी होडी ही दगडी पाया नव्हे. वाळूवर किंवा ओंडक्यांवर टेकली की तिचे वजन दोन-तीन ठिकाणी पडते आणि ती वाकते; पाण्यात तरंगली की वजन सगळीकडे विभागले जाते आणि ती वेगळ्याच आकारात येते. जुन्या होडीची दोन्ही टोके वर्षानुवर्षे खाली झुकलेली असतात, त्यात लाकूड पाणी पिऊन फुगते. म्हणून रेषेचे शेवटचे माप होडी पाण्यात उतरवून एक-दोन दिवस गेल्यावर, डिझेल-पाणी-नांगर आपापल्या जागी असताना घ्यायचे. पंपाच्या काँक्रीट बैठकीवर काम केलेल्या माणसाला हे सुचत नाही, यात त्याचा दोष नाही.

माप घेण्याची रीत अशी. कपलिंगचे बोल्ट काढून दोन तबकड्या किंचित अलग करायच्या. त्याआधी शाफ्टला आतून दोरी बांधायची किंवा पट्टा आवळायचा, नाहीतर शाफ्ट मागे घसरतो. शाफ्टचे सुटे टोक स्वतःच्या वजनाने खाली लोंबते, त्याला आधार देऊन मधोमध आणायचे. मग तबकड्या अलगद जुळवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर घालून फट मोजायची. तबकडी जेवढ्या इंचांची तेवढे थाउ फरक चालतो. चार इंची तबकडीला चार थाउ.

आता पुढची पायरी पुष्कळ जण करत नाहीत, आणि दोष कुणाचा हे तिथेच ठरते. शाफ्टची तबकडी अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायचे. मोठी फट तबकडीबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर दोष शाफ्टचा किंवा तबकडीचा : वाकडा शाफ्ट, तिरका फेस. फट होती तिथेच राहिली तर दोष इंजिनाच्या रेषेचा. खात्रीसाठी इंजिनाची तबकडीही अशीच फिरवून पाहावी.

संध्याकाळी होडी तरंगली. वरची फट बावीस थाउ, खालची नावाला. उस्तादांनी शाफ्ट अर्धा फेरा फिरवला. फट वरच राहिली. त्यांनी काही न बोलता फिलर नाखवाच्या हातात दिले आणि त्यालाच मोजायला लावले. नाखवाने दोनदा मोजले.

फट वर, याचा अर्थ इंजिनाचे पुढचे टोक खाली बसले होते. उस्तादांच्या टोचण्याला तो जबाब दुपारीच मिळाला होता : पुढच्या डाव्या पायाखालचे लाकूड वरून रंगवलेले, आतून भुसभुशीत. बोल्ट आवळला की वॉशर लाकडात रुतायचा. ज्याने वाळूवर लाइन काढली त्याने ती त्या दिवशीपुरती बरोबर काढली असेल. पण होडी पाण्यात जाताच आकार बदलला आणि इंजिन चालताच पाय बसला. दोन शाफ्ट आणि एक पंखा यांचा पैसा एका कुजलेल्या लाकडाने खाल्ला. गावच्या सुताराने दोन दिवसांत तिथे नवे सागाचे लाकूड बोल्टसह बसवले, त्याखाली-वर जाड लोखंडी पट्टी दिली आणि पितळी पत्र्याच्या शिम घालून उस्तादांनी फट तीन थाउवर आणली.

टेपर, चावी आणि पितळ

लेथवरच्या कामात होडीसाठी काय वेगळे, तेही सांगितले पाहिजे. पंख्याचा टेपर सगळीकडे एकच नसतो. कुठे बारात एक, कुठे सोळात एक. जुना पंखा हाती नसताना टेपर कापू नये. कापल्यावर पंख्याच्या भोकात निळी लावून ठसा पाहावा, आणि ठसा तुटक असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून पंखा शाफ्टवर हाताने घासून बसवावा. मग चावीची परीक्षा. पंखा चावीशिवाय चढवून शाफ्टवर तो कुठवर येतो ती रेघ मारायची. नंतर चावी घालून चढवायचा. रेघेपर्यंत आला नाही तर चावी पंख्याला उचलून धरते आहे. पंखा एका अंगाला बसेल, थरथरेल आणि एक दिवस शाफ्ट खाचेतून तुटेल. चावी वरून घासून कमी करावी. खाचेचे कोपरे टोकदार ठेवू नयेत, किंचित गोल ठेवावेत; तडा टोकदार कोपऱ्यातूनच सुरू होतो.

घासलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करणे पंपाच्या कामात चालून जाते. होडीच्या शाफ्टला आम्ही ते करू नये असेच म्हणू. वेल्डिंगच्या कडेला धातू ठिसूळ होतो, खारे पाणी तिथेच आत शिरते. स्टेनलेसचा शाफ्टसुद्धा पॅकिंगखाली खड्डे पडून खराब होतो, कारण साचलेल्या पाण्यात हवा पोहोचत नाही आणि स्टेनलेसला आपले कवच टिकवायला हवा लागते. वापरात असलेल्या होडीपेक्षा उभ्या होडीचा शाफ्ट लवकर सडतो तो यामुळे. शाफ्टसाठी ३१६ जातीचे स्टेनलेस मागावे. स्वस्तातला तुकडा घेऊ नये.

पितळ्याचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांना पुढची गोष्ट लगेच पटेल. ज्याला बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणतात तो पंख्याचा धातू खरे तर पितळच. त्यात जस्त चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. खारे पाणी त्यातले जस्त शोषून नेते आणि मागे पोकळ तांबे राहते. पात्यावर गुलाबी-तांबूस डाग दिसले की समजावे. पंखा दोरीला टांगून हातोडीने हलकेच ठोकावा. निरोगी पंखा घंटेसारखा वाजतो, सडलेला मडक्यासारखा. असा पंखा सरळ करायला घेतला तर पाते हातात येईल आणि दोष तुमच्या माथी येईल, म्हणून आधी गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवावा.

यावर इलाज म्हणून शाफ्टवर जस्ताची वडी लावतात. पाणी आधी तिला खाते आणि पंखा वाचतो. वडी शाफ्टला घट्ट, उघड्या धातूला चिकटून बसली पाहिजे. हौसेने रंगवून टाकली तर तिचा उपयोग शून्य. मुळा धरण किंवा नाथसागराच्या गोड्या पाण्यात जस्ताची वडी नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमची लावावी लागते.

थेंब मोजायचे

ग्लँडविषयी पंपवाल्यांना शिकवण्यासारखे थोडेच आहे. पॅकिंगची कडी एकेक वेगळी कापावी, दोरी मळसूत्रासारखी गुंडाळू नये, सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत, जुनी कडक कडी पूर्ण काढल्याशिवाय नवी घालू नयेत. ग्रॅफाइटचे काळे पॅकिंग खाऱ्या पाण्यात शाफ्टला खाते, ते टाळावे. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्यावेत. तेच वंगण आणि तोच थंडावा. एक थेंबही पडू नये म्हणून आवळत गेले की पॅकिंग जळते आणि शाफ्टला खाच पडते. चालू असताना ग्लँडला हात लावून पाहावा, कोमट असावे, चटका बसू नये.

पंपाचे ग्लँड गळाले तर पाणी परत विहिरीत जाते. होडीचे गळाले तर पाणी होडीत येते. कपलिंगची चावी किंवा बोल्ट तुटला आणि त्याच वेळी रिव्हर्स गिअर टाकला, तर पंखा शाफ्टला मागे ओढून बाहेर काढू शकतो, आणि सव्वा इंची भोकातून पाणी धो धो आत शिरते. शिडाच्या होडीला मागे सुकाणू असल्याने पंखा त्याला अडतो, पण त्यावर विसंबू नये. शाफ्टवर ग्लँडच्या आत एक कडे दोन बोल्टांनी आवळून ठेवावे. शाफ्ट घसरला तरी ते ग्लँडला अडेल. लेथवर ते अर्ध्या तासात होते. जोडीला भोकाच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने तिथेच बांधून ठेवावी. नाखवाने मागितले नाही तरी उस्ताद आता प्रत्येक शाफ्टबरोबर कडे आणि खुंटी पाठवतात, आणि बिलात दोन्ही वेगळी लिहितात.

मोठा पंखा मागणारा नाखवा

होडी शांत झाल्यावर नाखवाने आणखी एक मागणी केली : पंखा मोठा बसवू, होडी जोरात जाईल. ही मागणी सगळीकडे होते, म्हणून हिशेब देतो. पंख्यावर दोन आकडे असतात, पहिला व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे घसरण नसती तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे गेला असता ते अंतर. पिच १० इंच, इंजिन २००० फेऱ्यांवर, गिअर दोनास एक, म्हणजे पंखा मिनिटाला १००० फेरे. अंतर झाले मिनिटाला २५४ मीटर, तासाला सव्वापंधरा किलोमीटर. पण पाणी हे लाकूड नाही; अशा जड होडीत चाळीस-पन्नास टक्के घसरणीत जाते. हाती राहतात आठ-नऊ किलोमीटर. शिवाय पाण्यातल्या होडीची स्वतःची मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांबीची होडी तासाला साधारण साडेबारा किलोमीटरच्या वर रेटत नाही, मग इंजिन कितीही मोठे घाला. ती आपल्याच लाटेवर चढत राहते आणि डिझेल जाळते. पंख्याचे टोक लाकडाच्या फार जवळ आले तर थरथर पुन्हा सुरू होते, ती वेगळीच.

मोठे म्हणजे चांगले, हा समज जुनाच आहे. इंग्लंडमधील फ्रान्सिस स्मिथ हा खरे तर शेतकरी. त्याने १८३६ साली मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. त्याच्या होडीला दोन पूर्ण वेढ्यांचे लांब लाकडी मळसूत्र होते. कालव्यात कशावर तरी आपटून त्याचा अर्धा भाग तुटला, आणि होडी एकदम जोरात पळू लागली!

उस्तादांनी नाखवाला हीच कहाणी सांगितली. तो हसला, पण पटले की नाही ते आम्हाला सांगता येणार नाही.

पैशाचा विषय परतीच्या आधी निघाला. उस्ताद म्हणाले, पहिला शाफ्ट माझ्या मापाने चुकला, त्याची मजुरी मी घेणार नाही. दुसरा बरोबर होता, त्याची मजुरी राहू द्या. नाखवाने दुसऱ्याची दिली, प्रवासखर्चही दिला आणि वर सुक्या बोंबलांची एक पिशवी दिली, जिने एसटीत आमची फार पंचाईत केली. नवा पंखा ज्या दुकानातून आणला तिथे तो परत घेतला गेला नाही.

उस्तादांच्या लेथजवळ आता भिंतीवर एक पुठ्ठा टांगलेला आहे. होडीचे काम आले की पोरगा फोनवर त्यातले प्रश्न वाचतो : थरथर न्यूट्रलमध्येही होते का, दोरी अडकली होती का, लाइन कुठे काढली, पाण्यात की वाळूवर, बैठकीचे लाकूड टोचून पाहिले का, जुना बुश पाठवता का. गेल्या हंगामात तीन शाफ्ट आले. त्यातले दोन उस्तादांनी न कापताच परत पाठवले आणि तपासणीची मजुरी लावली. एकाने कुरकुर करून दिली. दुसऱ्याने अजून दिलेली नाही.